आवाज येतो, पण चित्र हिरवं: टीव्ही ट्यूनर आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचं जुनं भांडण

वर्षभरात तिसऱ्यांदा तेच. कॅसेट व्हीसीआरमध्ये, पिवळी पिन ट्यूनर कार्डाला (बाहेरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड), आवाजाची पिन मागच्या निळ्या लाइन-इनला. सॉफ्टवेअर उघडलं आणि मंगलाष्टकं खणखणीत सुरू झाली. चित्राच्या जागी मात्र सपाट हिरवा चौकोन. शेवाळ्यासारखा गडद, ना त्यात मुंग्या ना पट्टे. मावशी नेरुळहून खास कॅसेट घेऊन आली होती, स्वतःच्या लग्नाची, १९९२ सालची. "शुभमंगल सावधान" झालं, बँड वाजला, टाळ्या झाल्या. मावशी त्या हिरव्या चौकोनाकडे बघत म्हणाली, "अरे, अंतरपाट अजून धरलेलाच आहे का?"

माझं मशीन म्हणजे नौपाड्यातल्या घरातला जुना डेस्कटॉप. २००८ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. मदरबोर्डावर अजून दोन पीसीआय स्लॉट आहेत आणि त्यातल्या एकात ॲनालॉग टीव्ही ट्यूनर आहे. आधी एक्सपी होतं, मग विंडोज ७, आता विंडोज १०. टीव्ही बघण्यासाठी तो ट्यूनर आता वापरत नाही. नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या लोकांच्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या, एवढंच काम. कार्डांच्या कंपन्यांची नावं इथे घेत नाही, कारण हा त्रास मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राफिक्स कार्डांवर पाहिलाय आणि त्यात खरं तर दोष कोणा एकाचा नाही.

ठाण्यात जुनं कार्ड रुसलं की पहिला संशय दमट हवेवर जातो. खाडी जवळ, चार महिने पाऊस, कपाटातल्या कॅसेटींना बुरशी धरते तिथे कार्डाच्या पिनांचं काय. मीही तेच केलं. सीपीयूचा कडेचा पत्रा काढला, स्क्रू सोडवला, कार्डाच्या सोनेरी पट्टीवर पांढरं खोडरबर घासलं. रबराचा चुरा काळा पडला तेव्हा चोर सापडल्याचा आनंद झाला. ब्रशने स्लॉट झाडला, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं, मशीन सुरू केलं. हिरवं. मग ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारा." मागच्या वेळी मारलं होतं. आठवडाभर छान चाललं आणि पुन्हा हिरवं झालं. का, ते पुढे येईल.

मावशीचा तर्क असा की आवाज येतोय म्हणजे कार्ड चांगलं आहे. ऐकायला बरोबर वाटतं, आणि बहुतेक जण इथेच फसतात. माझ्याकडे कॅसेटचा आवाज ट्यूनर कार्डातून जातच नाही. व्हीसीआरच्या आवाजाच्या पिना एका छोट्या केबलने थेट मदरबोर्डाच्या लाइन-इनला जातात. ट्यूनर कार्ड काढून कपाटात ठेवलं तरी मंगलाष्टकं ऐकू येतीलच. आवाजाची साक्ष कार्डाच्या बाजूनेही धरता येत नाही आणि विरुद्धही.

आधी आंधळं रेकॉर्डिंग

म्हणून काहीही उघडण्याआधी, काहीही काढण्याआधी एक काम करा. चित्र हिरवं किंवा काळं दिसत असतानाच रेकॉर्डचं बटण दाबा. अर्धा मिनिट थांबा, बंद करा. ती फाईल ट्यूनरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू नका. व्हीएलसीमध्ये उघडा, जमल्यास दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडा. कच्च्या स्वरूपात, म्हणजे न दाबता, रेकॉर्ड होत असेल तर अर्ध्या मिनिटाची फाईल ६०० एमबीच्या वर जाते, घाबरू नका. आपल्याकडच्या 'पाल' या टीव्ही पद्धतीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण २०.७ एमबी. पूर्ण तासाला ७५ जीबीच्या आसपास. त्यामुळे चाचणीपुरतंच कच्चं ठेवा.

काही सॉफ्टवेअर समोर चित्र उमटल्याशिवाय रेकॉर्डच सुरू करत नाहीत. तिथे व्हर्च्युअलडब हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या कॅप्चर मोडमध्ये चित्र दाखवूच नको असा पर्याय आहे, तो निवडून रेकॉर्ड करा.

माझ्या फाईलमध्ये मावशी होती. पिवळी अष्टपुत्री, मुंडावळ्या, पाठीमागे तिचे मामा, आणि व्हिडिओवाल्याने हौसेने टाकलेली बदामाच्या आकाराची चौकट. रंग थोडे उडालेले, पण चित्र ठणठणीत. इथेच ट्यूनर कार्ड सुटलं. खोडरबर, स्लॉट, केबल, व्हीसीआरचं हेड, सगळे निर्दोष. दोन तास मी चुकीच्या घराची झडती घेत होतो.

कारण असं. ट्यूनर कार्डावरची चिप (जुन्या पीसीआय कार्डांवर बहुतेक वेळा कोनेक्झंट बीटी८७८ किंवा फिलिप्सच्या एसएए७१३४ कुळातली) येणाऱ्या सिग्नलचे आकडे करून मेमरीत टाकते. तिथून दोन वाटा फुटतात. एक हार्ड डिस्ककडे जाते, ती रेकॉर्डिंगची. दुसरी ग्राफिक्स कार्डाकडे जाते, ती आपल्याला स्क्रीनवर दिसणारी. पहिल्या वाटेत ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुभाषी प्रोग्राम) कुठेच येत नाही. दुसरी वाट पूर्णपणे त्याच्या हातात असते. रेकॉर्डिंग नीट आणि समोर अंधार असेल तर दोष दुसऱ्या वाटेवरच शोधायचा. आणि रेकॉर्डिंगमध्येही हिरवं, काळं किंवा निळं आलं तर हा लेख बाजूला ठेवा, ट्यूनरचा ड्रायव्हर आणि इनपुट बघा.

हिरवाच का

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, आणि उत्तर कळल्यावर निदान करणं फार सोपं झालं. ट्यूनरकडून येणारं चित्र लाल-हिरवा-निळा अशा रूपात नसतं. एक आकडा उजेडाचा आणि दोन रंगाचे, अशी मांडणी असते. रंगाच्या आकड्यांत 'रंग नाही' म्हणजे शून्य नव्हे, १२८. आता ग्राफिक्स ड्रायव्हरने चित्रासाठी मेमरीत जागा तर केली, पण तिथे काही पोचलंच नाही, सगळे आकडे शून्यच राहिले, असं झालं तर त्या शून्यांचं रूपांतर गडद हिरव्या रंगात होतं. थोडक्यात, हिरवा म्हणजे रिकामं ताट. ताट वाढलंय, जेवण आलेलं नाही.

काळा चौकोन वेगळं सांगतो. तिथे बहुधा चित्रासाठी जागाच मिळालेली नसते, म्हणजे सॉफ्टवेअरने मागितलेली पद्धत ड्रायव्हरने नाकारलेली असते. भडक जांभळा-गुलाबी चौकोन दिसला तर ती ओव्हरलेची खूण आहे, त्याबद्दल पुढे. आणि काळं-पांढरं चित्र वरखाली सरकत असेल तर ड्रायव्हरचं नावही घेऊ नका, ट्यूनर एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीवर गेलाय. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं की देश म्हणून अमेरिका धरून बसायची खोड अनेकांना असते. सेटिंगमध्ये जाऊन पाल-बी निवडा, बस्स. समोरच्या इमारतीतल्या काकांनी या एका सेटिंगपायी नवं कार्ड विकत घेतलं होतं.

ड्रायव्हर बदलला की सॉफ्टवेअर का अडतं

माझं ट्यूनरचं सॉफ्टवेअर २००७ सालचं आहे. त्या काळात चित्र स्क्रीनवर टाकायचे तीन-चार रस्ते होते, आणि कुठला घ्यायचा ते सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'व्हिडिओ रेंडरर' किंवा 'डिस्प्ले मोड' अशा नावाखाली अजूनही दिसतं.

सगळ्यात जुना रस्ता ओव्हरले. त्यात सॉफ्टवेअर खिडकीत एका ठरावीक रंगाचा चौकोन रंगवायचं, आणि ग्राफिक्स कार्ड जिथे तो रंग दिसेल तिथे परस्पर चित्र बसवायचं. म्हणूनच तेव्हा चालू टीव्हीचा स्क्रीनशॉट घेतला की नुसता जांभळा किंवा काळा चौकोन मिळायचा. जुन्या संथ मशीनवर ही पद्धत वरदान होती, प्रोसेसरला काही कामच नसायचं. पुढचे रस्ते असे: एक्सपीबरोबर व्हीएमआर-७ आला, डायरेक्टएक्स ९ (विंडोजचा चित्र-आवाज हाताळणारा संच) बरोबर व्हीएमआर-९, आणि व्हिस्टाबरोबर ईव्हीआर. व्हीएमआर-७ डायरेक्टड्रॉवर चालतो, व्हीएमआर-९ डायरेक्ट थ्रीडीवर.

व्हिस्टापासून सगळ्या खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर रंगवायचं काम डेस्कटॉप विंडो मॅनेजरकडे गेलं, आणि ओव्हरलेचं त्याच्याशी पटेना. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये ओव्हरले मागणारं सॉफ्टवेअर उघडलं की काचेसारख्या चकचकीत खिडक्या जाऊन सगळं साधं व्हायचं, कोपऱ्यात रंगसंगती बदलल्याची सूचना यायची. निदान चित्र तरी दिसायचं. विंडोज ८ पासून तो मॅनेजर बंद करायची सोयच काढून टाकली. त्यामुळे विंडोज १० वर सॉफ्टवेअर ओव्हरलेवर ठेवलं असेल तर जगातला कुठलाही ग्राफिक्स ड्रायव्हर टाकून उपयोग नाही. आधी ते सेटिंग बदला, मग ड्रायव्हरच्या मागे लागा. हे उलट्या क्रमाने करून मी एक अख्खा रविवार घालवलाय.

माझं सॉफ्टवेअर व्हीएमआर-९ वर होतं, तरी हिरवं. इथे मात्र ड्रायव्हरच्या व्हर्जनचा प्रश्न येतो. सॉफ्टवेअर सुरू होताना ड्रायव्हरला विचारतं, या मांडणीचं चित्र घेशील का, ओळी जुळवायचं काम तू करशील का. ड्रायव्हर उत्तर देतो. २००७ च्या सॉफ्टवेअरला २००७-०८ च्या ड्रायव्हरकडून मिळणारी उत्तरं ठाऊक होती. नव्या ड्रायव्हरचं उत्तर थोडं वेगळं आलं की काय करायचं, हे त्यात लिहिलेलंच नसतं. ते तसंच पुढे जातं आणि रिकामं ताट घेऊन बसतं.

ज्यांच्याकडे एटीआयचं ऑल-इन-वंडर होतं त्यांना हे नव्याने सांगायला नको. ग्राफिक्स आणि ट्यूनर एकाच कार्डावर, आणि तरीही डिस्प्ले ड्रायव्हर, कॅप्चर ड्रायव्हर आणि मल्टिमीडिया सेंटर या तिघांची पत्रिका जुळवावी लागायची. एक नवं टाकलं की दुसरं रुसायचं.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी दोन गोष्टी करून बघा, दोन्ही मिळून पाच मिनिटांच्या आहेत. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये व्हिडिओचा विभाग असतो. तिथली नॉइज रिडक्शन, एज एन्हान्समेंट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असली सगळी सजावट बंद करा आणि निर्णय सॉफ्टवेअरवर सोडा. नवा ड्रायव्हर आला की यातली एखादी गोष्ट आपोआप सुरू होते. दुसरं, सॉफ्टवेअरमध्ये व्हीएमआर-९ ऐवजी व्हीएमआर-७ किंवा ईव्हीआर लावून बघा. नव्या विंडोजवर डायरेक्टएक्सच्या जुन्या फायली नसल्यामुळेही व्हीएमआर-९ वापरणारं जुनं सॉफ्टवेअर अडू शकतं. जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम टाकला की त्या येतात, आणि त्याने सध्याच्या डायरेक्टएक्सला धक्का लागत नाही.

माझं यातल्या कशानेच भागलं नाही.

कोणता ड्रायव्हर कधी बदलला

तुम्ही काहीच टाकलं नसेल तरी ड्रायव्हर बदललेला असू शकतो. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' लिहा, रिलायबिलिटी हिस्ट्री उघडेल. दिवसांचे उभे रकाने दिसतात, एकेका दिवसावर क्लिक केलं की त्या दिवशी काय बसलं ते खाली येतं. माझ्याकडे मागची कॅसेट नीट उतरली त्यानंतर चार दिवसांनी डिस्प्ले ड्रायव्हरची नोंद होती. मी तेव्हा कोपरीला भावाकडे जेवायला गेलो होतो, मशीन चालूच राहिलं होतं. विंडोज अपडेटच्या इतिहासातही ड्रायव्हर अपडेट्स असा वेगळा भाग असतो, तिथेही तीच तारीख.

व्हर्जन बघायचं ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये, डिस्प्ले ॲडॉप्टर्सखालच्या कार्डावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हरचा टॅब. इथला आकडा आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा आकडा दिसायला वेगळे असतात आणि त्यावरून लोक गोंधळतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर विंडोज दाखवतं त्या आकड्याचे शेवटचे पाच अंक घ्यायचे. २७.२१.१४.५६७१ असं दिसलं तर तो ड्रायव्हर ४५६.७१. एएमडीच्या बाबतीत असा सरळ हिशेब नाही, तिथे त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये जाऊन नाव बघावं.

त्याच टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' असं बटण असतं. ते दाबता येत असेल तर आधी तेच दाबा, रीस्टार्ट करा, बघा. पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. माझ्याकडे ते फिकट पडलेलं होतं. फॉरमॅटनंतरची आठवडाभराची मजा का संपायची ते मात्र या नोंदींवरून कळलं. फॉरमॅट करून मी सीडीवरचा जुना ड्रायव्हर टाकायचो, सगळं चालायचं, आणि मशीन नेटला लागलं की विंडोज त्याच्याकडचा नवा ड्रायव्हर आणून बसवायचं. सगळे प्रोग्राम पुन्हा टाकायचे, आणि दोष मात्र जागच्या जागी.

जुना ड्रायव्हर नीट बसवणं

पद्धत सांगतो, पण पहिलं काम नेटची केबल काढायची किंवा वायफाय बंद करायचं. हे विसरलात तर पुढचं सगळं पाण्यात, कारण तुम्ही ड्रायव्हर काढून रीस्टार्ट करेपर्यंत विंडोज नवा आणून ठेवतं. जुना ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून डेस्कटॉपवर ठेवा. शोधायचा तो कंपनीच्याच साइटवर, कुठल्या भलत्या ड्रायव्हर-डाउनलोड साइटवरून नाही. जुन्या कार्डांसाठी कंपन्या शेवटचं व्हर्जन ठेवतात, त्याच्या आधीचीही बरीच मिळतात. ३२ बिट विंडोज असेल तर जास्त जपून, नवे ड्रायव्हर ६४ बिटसाठीच असतात. आणि रीस्टोर पॉइंट (बिघडलं तर मागे जायची विंडोजची सोय) करून ठेवा.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्ड अनइन्स्टॉल करा. तिथे एक चौकट येते, ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही पुसायचं का विचारणारी. तिच्यावर टिक करा. लोक घाबरून ती सोडून देतात आणि खरी गोम तिथेच आहे. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा कार्डाचं नाव दिसलं तर पुन्हा अनइन्स्टॉल, पुन्हा टिक. नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' येईपर्यंत हे करत राहायचं. माझ्याकडे तीनदा करावं लागलं, म्हणजे मशीनच्या पोटात एकावर एक तीन ड्रायव्हर बसलेले होते. एवढं करायचा कंटाळा असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात, सेफ मोडमध्ये चालवा. ते एका झटक्यात सगळं झाडून काढतं. मी पहिल्यांदा हाताने केलं, आता डीडीयूच वापरतो.

त्यानंतर जुना ग्राफिक्स ड्रायव्हर, रीस्टार्ट, मग ट्यूनरचा ड्रायव्हर, मग ट्यूनरचं सॉफ्टवेअर. हा क्रम मी पाळतो, कारण माझं सॉफ्टवेअर बसतानाच ग्राफिक्स कार्ड बघून स्वतःचा रेंडरर ठरवतं. तुमचं सॉफ्टवेअर आधीपासून असेल तर ते काढून पुन्हा टाकलेलं बरं. इनपुट 'कंपोझिट'वर (म्हणजे पिवळ्या पिनवर) आहे ना, पाल-बी आहे ना, हे पुन्हा बघून घ्या.

कॅसेट लावली. मावशी हसली, अंतरपाट दूर झाला.

नऊ दिवसांनी पुन्हा

आणि नवव्या दिवशी परत हिरवं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तोडगा सांगणारे बहुतेक जण वरच्या पायरीवर थांबतात.

विंडोजकडे ड्रायव्हरचा एक साठा असतो, ड्रायव्हर स्टोअर. त्यात आणि अपडेटमध्ये मिळून एका कार्डासाठी दोन-तीन ड्रायव्हर असले तर ते ड्रायव्हरवरची डिजिटल सही, कार्डाच्या ओळख-क्रमांकाशी जुळणी असं बघतं, आणि तिथे बरोबरी झाली की ज्याची तारीख नवी तो जिंकतो. तुम्ही मुद्दाम जुना टाकलाय, तो तुमच्या कामाचा आहे, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. त्याच्या हिशेबात तुम्ही मागे राहिलेले आहात आणि ते तुमच्यावर उपकार करतंय.

विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये, विंडोज अपडेटच्या विभागात, 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' हे चालू करा. याने अपडेट येतात पण त्यांच्यासोबत ड्रायव्हर येत नाहीत. होम आवृत्तीत तो एडिटर नसतो. तिथे कंट्रोल पॅनलमधून सिस्टिम, मग ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, हार्डवेअरचा टॅब, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज, आणि तिथे 'नो'. शिवाय साठ्यात नवा ड्रायव्हर पडून राहिलाय का ते बघा. ड्रायव्हर स्टोअर एक्सप्लोरर नावाचं छोटं फुकट साधन आहे, त्यात सगळे ड्रायव्हर तारखेसकट दिसतात आणि नको तो पुसता येतो. त्यात दुसऱ्या कशाला हात लावू नका. भाच्याने एकदा त्यातून लॅनचा ड्रायव्हर उडवला आणि मग नेट नाही म्हणून तो ड्रायव्हर उतरवायला माझा फोन घेऊन बसला होता.

हे केल्यापासून माझ्याकडे पाच महिने शांतता आहे. पावसाळाही त्यात गेला.

जुने ड्रायव्हर ठेवण्यात एक धोका आहे. त्यांतल्या सुरक्षेच्या भोकांना कोणी ठिगळ लावत नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची मदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणून ते मशीन आता नेटवर ठेवतच नाही. बँकेचं काम, मेल, सगळं दुसऱ्या लॅपटॉपवर. कॅसेटवाल्या मशीनची लॅन केबल मी काढून गुंडाळून वर ठेवलीय, आणि खरं सांगायचं तर ड्रायव्हर बदलू न देण्याचा याहून पक्का उपाय दुसरा नाही.

ज्यांना जुना ड्रायव्हर मिळतच नाही किंवा गेमसाठी नवाच हवा आहे, त्यांनी ट्यूनरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरचा नाद सोडावा. कार्डाचा ड्रायव्हर ठीक असेल तर इतर प्रोग्रामही त्याच्याकडून चित्र घेऊ शकतात. व्हर्च्युअलडबमध्ये 'ओव्हरले' ऐवजी 'प्रिव्ह्यू' निवडा, तिथे चित्र प्रोसेसरमार्फत येतं. थोडा भार वाढतो, गाळलेल्या फ्रेमच्या आकड्यावर नजर ठेवा. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरही चालतं. व्हीएलसीमध्ये 'ओपन कॅप्चर डिव्हाइस' आहे, आणि चित्र नाही आलं तर व्हिडिओ सेटिंगमधलं आउटपुट बदलून ओपनजीएल किंवा विंडोज जीडीआय करून बघा. जीडीआय गबाळं आहे पण ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नखऱ्यांशी त्याचा फारसा संबंध नसतो. विंडोज ७ मधलं मीडिया सेंटर आठवून हळहळणारे मला भेटतात. ते विंडोज १० मध्ये नाहीच, शोधू नका. लॅपटॉपवर यूएसबी ट्यूनर लावणाऱ्यांनी आणखी एक बघावं. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमधून एकेका प्रोग्रामला कुठलं कार्ड ते ठरवता येतं. ट्यूनरच्या प्रोग्रामला आतलं साधं कार्ड द्या.

आणि ज्यांची तक्रार अशी आहे की चित्र येतं पण चॅनल स्कॅन केल्यावर एकही चॅनल सापडत नाही, त्यांनी ड्रायव्हर बदलत बसू नये. केबलच्या डिजिटायझेशनमध्ये ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही दुसऱ्या टप्प्यात होती, मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हापासून भिंतीतून येणाऱ्या केबलमध्ये ॲनालॉग ट्यूनरला कळेल असं काही राहिलेलं नाही. सेटटॉप बॉक्सची पिवळी पिन कंपोझिटला लावली तर बॉक्सवरचं चॅनल दिसेल, बदलायचं मात्र बॉक्सच्याच रिमोटने. विकत आणलेल्या सिनेमाच्या कॅसेटचा उजेड दर काही सेकंदांनी कमीजास्त होत असेल तर तेही ड्रायव्हरचं नव्हे. ते कॉपी होऊ नये म्हणून कॅसेटमध्येच घातलेलं मॅक्रोव्हिजन आहे.

सीपीयूच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मी आता एक कागद चिकटवलाय. ग्राफिक्स ड्रायव्हरचं व्हर्जन आणि तारीख, ट्यूनर ड्रायव्हरचं व्हर्जन, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, रेंडरर व्हीएमआर-९, पाल-बी, कंपोझिट. दोन्ही ड्रायव्हरांच्या सेटअप फायली एका पेनड्राइव्हवर घालून तो पेनड्राइव्हही आत, रिकाम्या ड्राइव्हच्या कप्प्यात, रबरबँड लावून.

मावशी पुढच्या रविवारी जावेकडची मुंजीची कॅसेट आणतेय. फोनवर म्हणाली, "टेपवर पांढरं पांढरं काहीतरी दिसतंय रे, पुसून आणू का?" म्हटलं, अगं मावशी, ती बुरशी आहे, हातही लावू नकोस आणि तिकडच्या व्हीसीआरमध्ये तर मुळीच घालू नकोस, हेडला लागली की पुढची प्रत्येक कॅसेट गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तशीच घेऊन ये.